खिळ्यावरचा चष्मा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचलो बाबा एकदाचे. चौघंही धड, सामानही धड. फक्त तुझ्या मेहुण्यांचा एक रंधा वाटेत कुठेतरी राहिला आणि त्यांनी सबंध प्रवासभर घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड केलं. सुताराशी लग्न करू नकोस असं तू तेव्हा म्हणाला होतास, ते मला दोन स्टेशनं पटलंही होतं.

जिल्हा कचेरीचं ते माहितीपत्रक आठवतं ना, 'कुटुंबासकट या, धंद्यासकट राहा' असं लिहिलेलं? त्यावर गवतात पळणारं एक गुटगुटीत पोर आहे बघ. ते पोर म्हणजे आमचा पोस्टमन. त्याला आता दाढी आहे, पोट आहे आणि स्वतःची तीन पोरं आहेत. म्हणजे कचेरीने पस्तीस वर्षांत फोटो बदलला नाही. पण पोर गाव सोडून पळालं नाही हेही तितकंच खरं, आणि मी त्याचाच आधार घ्यायचं ठरवलंय.

जागा झकास आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे अंगण. अंगणात शेजाऱ्यांची एक कोंबडी असते, ती आम्हालाच भाडेकरू समजते. कचेरीची अट एकच: वर्षभर दुकान चालवायचं आणि फेब्रुवारीअखेर जिल्ह्यातल्या पंचवीस घरांनी लिहून द्यायचं की हे दुकान आम्हाला हवंय. दिलं तर जागा कायमची आमची. नाही दिलं तर आम्ही बाहेर आणि यादीतला पुढचा माणूस आत. तो मधमाश्यांच्या पेट्या विकणार आहे. माझ्या नशिबात मधमाश्यांशी स्पर्धा असेल असं वाटलं नव्हतं.

काचा मात्र तूच घासायच्यास. मी डोळे तपासून नंबराची चिठ्ठी पाठवीन, तू काचा घासून पाठव, फ्रेमीत मी बसवीन. मुलांना शाळा आवडली. धाकटी म्हणते वर्गाच्या खिडकीतून गाय बघते, आणि गायीला बेरीज येत असावी.

लोभ आहेच, माहीत आहे. टोमणे जरा कमी करावेत ही विनंती.

तुझी,
भिंगरी

—

२१ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

पंचवीस घरं! तुझ्या त्या जिल्ह्यात पंचवीस घरं तरी आहेत का, की शेवटी मेंढ्यांना चष्मे लावून त्यांच्या खुरांचे ठसे घेणार आहेस? बाबांनी उभं केलेलं भर चौकातलं दुकान सोडून बाईसाहेब निघाल्या गवत बघायला. असो. तुझी खुर्ची इथे रिकामी आहे. तुझ्या वहिनीने तिच्यावर धुतलेले कपडे टाकायला सुरुवात केली आहे, पण कपड्यांखाली खुर्ची तुझीच आहे हे लक्षात ठेव.

काचा घासून पाठवीन, त्यात विचारायचं काय? चाळीस वर्षं झाली, माझ्या हातची एक काच परत आलेली नाही. आणि नजर म्हणशील तर अजून तशीच. रोज सकाळी दुकान उघडलं की आपल्या तक्त्यासमोर तिसऱ्या फरशीवर उभा राहतो आणि वरपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खडाखडा वाचतो. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालतात.

रंधेबुवांना नमस्कार. पोरांना पापे. कोंबडीला भाडं मागायला सांग.

आशीर्वाद न मागताही पाठवत असतोच, यावेळी जरा जास्त पाठवतो, तुला लागतील.

तुझा,
दादा

—

३० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद पुरले नाहीत. झालं ते ऐक, आणि हसायचं असेल तर आधीच हसून घे.

इथे प्रत्येक घरात दाराजवळ एक खिळा असतो आणि खिळ्यावर एक चष्मा. एकच! घरात माणसं नऊ, चष्मा एक. सुई ओवायची असो, बियाण्याच्या पुडीवरचं वाचायचं असो की दाढी करायची असो, खिळ्यावरून काढायचा, वापरायचा, परत टांगायचा. कुणाचा नंबर किती हे विचारणंसुद्धा इथे आगाऊपणा समजतात. चष्मा घराचा, माणसाचा नव्हे.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मेंढीआजी. तीनशे मेंढ्या, चार मुली, चार जावई आणि सगळे तिच्याच छपराखाली. ती सगळा गोतावळा घेऊन आली आणि मला म्हणाली की नऊही जणांचे डोळे तपास आणि सगळ्यांना चालेल असा मधला काहीतरी नंबर काढ. दादा, मी बाबांची मुलगी! मी तिला नीट समजावलं आणि तिच्या एकटीच्या नावाने चष्मा केला, सव्वादोनचा. तुझ्या काचा आल्या त्याच दिवशी फ्रेमीत बसवल्या आणि पोस्टमन त्याच वाटेने जात होता म्हणून त्याच्याच हाती पाठवून दिल्या. आजी कुरणावर होती. घरच्यांनी चष्मा खिळ्यावर टांगला. तिसऱ्या जावयाने सवयीने तो नाकावर चढवला, ट्रॅक्टरवर बसला आणि सरळ बदकांच्या तळ्यात गेला.

कुणाला लागलं नाही. जावई छातीभर पाण्यात उभा राहिला, चष्मा तळाशी गेला आणि बदकांचा अपमान झाला. पण मेंढीआजीने भर बाजारात जाहीर केलं की ही बाई माणसागणिक वेगळा चष्मा करते. आज चष्मा वेगळा, उद्या चूल वेगळी. झालं! ज्या जिल्ह्यात बसथांब्यावरसुद्धा 'कुटुंब' लिहिलंय, तिथे माझं नाव 'घरफोडी चष्मेवाली'. तीन आठवडे दुकानात फक्त कोंबडी येते.

एक विचारायचं होतं. तुझ्या मागच्या पत्रातल्या ओळी उजवीकडे वर वर चढत गेल्यात. घाईत लिहितोस का?

राग नसावा, असलाच तर मेंढीआजीवर असावा.

तुझी,
भिंगरी (घरफोडी)

—

११ जून

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून घेतलं आणि एवढा हसलो की तुझ्या वहिनीने पाणी आणलं. पण चूक तुझीच आहे. ज्याचा चष्मा त्याच्या नाकावर स्वतः बसवल्याशिवाय तो दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे बाबांनी आपल्याला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं. तू पोस्टमनच्या हाती पाठवतेस? मग तळ्यात नाही तर काय आभाळात जाणार ट्रॅक्टर!

आता हट्ट पुरे. परत ये. इथे कामाचा ढीग पडलाय आणि मला मदत हवी आहे. म्हणजे मला नको आहे, दुकानाला हवी आहे.

ओळी चढल्या त्याचं कारण टेबलाचा पाय लंगडा आहे.

येताना रंधेबुवांना घेऊन ये, पाय दुरुस्त करतील. नाहीतर आशीर्वाद आहेतच, ते टेबलावाचूनही देता येतात.

तुझा,
दादा

—

१९ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाच्या हाती पडू देऊ नकोस. पोस्टमनची वेळ तुला माहीत आहेच.

यंदा पावसाने दडी मारली, इथलं तळं आटलं, मेंढीआजीच्या जावयांनी गाळ काढला आणि गाळात तो चष्मा सापडला. फ्रेम वाकडी, काचा शाबूत. पोस्टमनने मला आणून दिला. धुतला आणि उगाचच नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. वहिनी, काच सव्वादोनची नाही, सव्वापाचची आहे. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझाच चष्मा मोजून पाहिला, यंत्र ठणठणीत. माझ्या चिठ्ठीची नक्कल काढली, तिच्यावर स्वच्छ सव्वादोन. त्या बिचाऱ्याला सव्वादोनमधून बदकं निदान पुसट दिसली असती, वर्षानुवर्षं तो तसाच चष्मा घालून चालवत होता. सव्वापाचमधून समोर नुसती कढी.

चूक माझीही आहे. दुसऱ्या कुणाची काच आली असती तर मी मोजून घेतली असती. दादाची काच मोजायची हे मनातसुद्धा आलं नाही.

मी इथे कुणाला बोललेले नाही आणि बोलणार नाही. सांगितलं तर माझ्यावरचा आळ जाईल, दुकान कदाचित वाचेल, हे मला कळतं. पण चाळीस वर्षं एक काच परत आली नाही म्हणणाऱ्या माणसाला सांगू काय की आलेली पहिली काच चिखलातून आली? मी घरफोडी तर घरफोडी. तू फक्त खरं सांग, त्याला दिसतं ना? मला फार भीती वाटतेय.

उत्तर लवकर पाठव. माया तुझी कधी कमी पडली नाही, आता शब्दही पडू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

—

२८ ऑगस्ट

चि. सौ. वन्संना,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही विचारलंत आणि मला रडूच आलं, कारण मला कुणी विचारत नव्हतं. सांगते.

गेल्या महिन्यात मी दुकानातला तक्ता धुवायला काढला होता. भिंत रिकामी. सकाळी हे आले, तिसऱ्या फरशीवर उभे राहिले आणि रिकाम्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता खडाखडा वाचला! शेवटची बारीक ओळसुद्धा. वर मला म्हणाले की बघ, अजून नजर कशी आहे. माझ्या हातात ओला तक्ता होता, वन्सं. मी हसू की कपाळ बडवू? चाळीस वर्षांत तो तक्ता ह्यांना पाठ झालाय. दुनियेचे डोळे तपासले, स्वतःचे तपासायची सोयच राहिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात आहे.

परवा स्वतःचा जाडजूड चष्मा नाकावर असूनही कोट टांगायच्या खुंटीला यावं बसावं केलं. काचा परत यायला लागल्यात. हे म्हणतात हल्ली लोकांची नाकंच वाकडी. तुमची पत्रं मी वाचून दाखवते, कारण म्हणे तुमचं अक्षर बिघडलंय. समोरून पाहिलं तर बाहुलीत पांढरं दिसतं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, हे मला कळतं तर ह्यांना कळत नसेल? कळतं. घाबरलेत. मी बोलले की तक्ता म्हणून दाखवतात.

तुम्हीच काहीतरी करा. तुमचं ऐकतील असं नाही, पण माझं ऐकत नाहीत एवढं नक्की.

घरच्यांना माझं विचारणं सांगा, आणि जीव सांभाळा, मला एक माणूस सांभाळायला पुरे आहे.

तुमची,
वहिनी

—

१४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी. तुझे मेहुणे जे रंधा हरवून बसले होते त्यांनी नवा घेतला आणि माझी अब्रू सावरली. मी एक दिवस त्यांच्यापुढे रडत होते की इथल्या लोकांना वेगळा चष्मा म्हणजे वेगळं घर वाटतं. ते म्हणाले की मग खिळा एकच ठेव. एवढंच बोलले आणि रंधा मारत बसले. संध्याकाळपर्यंत हातभर लांबीची एक लाकडी पट्टी तयार! मधल्या भोकातून ती घरच्या जुन्या खिळ्यावर अडकवायची आणि खाली चार-सहा आकडे, प्रत्येक आकड्यावर एकेकाचा चष्मा. खिळा घराचा, चष्मा ज्याचा त्याचा. पोस्टमनच्या घरी पहिली लावली. त्याची बायको म्हणाली की सगळे चष्मे शेजारी शेजारी बघून घर भरल्यासारखं वाटतं. आता अकरा घरं झाली आहेत. काचा सध्या दुसरीकडून मागवतेय, तुझ्याकडे ढीग पडलाय म्हणालास ना.

आता तुझं. सोबत एक तक्ता पाठवतेय. आपला जुना उतरव, हा लाव आणि नेहमीच्या फरशीवर उभा राहा. हा मी माझ्या हाताने लिहिलाय आणि हा तुला पाठ नाही, दादा. वहिनीवर चिडू नकोस. भिंत रिकामी होती हे तिने मला सांगितलं नसतं तर मी तिच्याशी बोलणं टाकलं असतं.

वरच्या ओळी तुला नाही दिसल्या तर वहिनी वाचेल. शेवटची, सगळ्यात बारीक, तिने वाचायची नाही. ती तू वाचायचीस, आज नाही तर चार महिन्यांनी.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर स्वतःच्या हाताने लिही. ओळी कितीही चढू देत.

तुझी,
भिंगरी

—

२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मोठ्या अक्षरात लिहितोय. कागद वहिनीने चार आणून ठेवलेत.

तुझा तक्ता लावला. पहिली ओळ वाचली: दादा. दुसरी वाचली: ये. तिसऱ्या ओळीत नुसत्या मुंग्या. छपाई वाईट आहे म्हणालो. वहिनी म्हणाली की छापलेलं नाही, हाताने लिहिलंय. मग मी तुझ्या खुर्चीवर बसलो, कपड्यांसकट. शेवटची सोडून उरलेल्या ओळी तिने वाचल्या, की आधी डोळे दाखव आणि इथेही एक खुर्ची आहे. पण खरं सांगू? पहिल्या दोन ओळींतच काम झालं होतं.

मला भीती वाटते, भिंगरे. हजार लोकांना या तोंडाने सांगितलं असेल की काही होत नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे. आता डॉक्टर मला तेच सांगतो तेव्हा त्याला चावावंसं वाटतं. पण सोमवारी उजवा डोळा, महिन्याने डावा. घासायचं यंत्र झाकून ठेवलंय.

तू वहिनीशी भांडली नाहीस तसा मीही भांडलो नाही. आशीर्वाद दे म्हणायची आज माझी पाळी.

तुझा,
दादा

—

६ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

ओळी सरळ आहेत का बघ! टेबलाचा पाय अजून लंगडाच आहे.

दोन्ही डोळे झाले. जग भलतंच घाण आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानाच्या कोपऱ्यात एवढी जाळी, आणि वहिनीचे केस कधी पांढरे झाले? ती म्हणाली की सहा वर्षांपूर्वी. आज सकाळी तिसऱ्या फरशीवर उभा राहिलो आणि तुझी शेवटची ओळ वाचली. 'ट्रॅक्टर तळ्यात तुझ्या काचेने घातला. मी कुणाला बोलले नाही. आता हस.'

मला हसू आलं नाही. मी तुला पत्रात शहाणपण शिकवत होतो, बाबांचं नाव घेऊन, आणि तू इतके महिने माझ्यासाठी घरफोडी म्हणवून घेत होतीस? अगं, दुकान गेलं असतं तुझं! लाज वाटली मला, आणि तुझा इतका अभिमान वाटला की वहिनीने परत पाणी आणलं.

परवाच्या पत्रात तू लिहितेस की चोवीस घरांनी लिहून दिलंय, पंचविसावं मिळत नाही, कारण उरलेली सगळी घरं मेंढीआजीच्या तोंडाकडे बघतात आणि ती हलत नाही. मी गुरुवारी येतोय. तुझ्याकडे नाही, आधी तिच्याकडे. मला अडवायला येऊ नकोस. चिखलातल्या काचांचं वहिनीने सांगितलं, त्या काढून ठेव, मी त्या परत घेणार आहे. सव्वादोनच्या नव्या घासल्यात, चार वेळा मोजल्यात, आणि वहिनीकडूनही मोजून घेतल्यात.

खुर्चीवरचे कपडे काढायला सांगितलंय, पण तू बसायला येऊ नकोस. तिकडेच राहा. आशीर्वाद घेऊन मीच येतो.

तुझा,
दादा

—

२७ फेब्रुवारी

चष्मेवाल्यास,
म्हातारीचा आशीर्वाद.

तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. तिला वाटलं मी तक्रार लिहिणार आहे. वाटू दे.

मला माणसं येऊन गोड बोललेली आवडत नाहीत. तू गोड बोलला नाहीस. माझ्या चारही जावयांसमोर उभा राहिलास आणि म्हणालास की काच माझी चुकली, बहिणीची नाही, तिने माझी लाज झाकली. तिसरा जावई तर उठून तुझ्या गळ्यातच पडला, कारण वर्षभर त्याला मी आंधळा म्हणत होते. तरी मी विश्वास ठेवला नाही. डोळे सुधारलेत म्हणतोस तर ट्रॅक्टर तळ्याला फेरी मारून आण, असं मी म्हणाले. जन्मात ट्रॅक्टरवर बसला नव्हतास हे तेव्हा सांगायचंस! एकाही बदकाला धक्का लावला नाहीस हे मान्य. कुंपण मात्र तेरा हात गेलं.

त्याच दिवशी कचेरीत जाऊन सही केली. मी केली म्हणताच आणखी सहा घरं धावत आली, नंदीबैल मेले. मधमाश्यांवाल्याला कचेरीने दुसरीकडे जागा दिली. तुझ्या मेहुण्याने आमच्या खिळ्यावर नऊ आकड्यांची पट्टी लावली. माणसं तर नऊच, एक आकडा म्हणजे एक माणूस. पण मी मोजले तर चष्मे दहा. बघते तर तुझा जुना, जाडजूड काचांचा, वाकड्या काडीचा चष्मा माझ्याच आकड्यावर टांगलेला. विसरलास की मुद्दाम ठेवलास ते मी विचारत नाही. पाठवणारही नाही. आमच्याकडे खिळ्यावर ज्याचा चष्मा, तो घरचा. जावयाला सांगून दहावा आकडा ठोकून घेतलाय.

माया करायला वेळ नाही, लोकर कातरायचे दिवस आहेत. बायकोला घेऊन ये आणि कुंपण नीट कर.

हे सगळं मी माझ्या एकटीच्या चष्म्यातून लिहिलंय, तू खिशातून काढून दिलास त्या. ओळी सरळ आल्यात का तेवढं कळव.

जिला तुम्ही सगळे मागून मेंढीआजी म्हणता,
तीच